साडूभाऊ आणि मसुराएवढा ठिपका

जगात भिण्यासारख्या म्हणून जेवढ्या गोष्टी आहेत त्या सगळ्यांना माझे साडू भीत असत. सुटली होती ती फक्त एक, आणि ती दिवसातून पंचवीस वेळा त्यांच्या दोन बोटांत असायची. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, अक्कांचे यजमान. मी त्यांना साडूभाऊ म्हणायचो आणि ते मलाही साडूभाऊच म्हणायचे, त्यामुळं आमचं फोनवरचं बोलणं कुणी ऐकलं तर एकच माणूस स्वतःची चौकशी करतोय असं वाटायचं. ते मुकुंदवाडीत राहायचे, छोट्या रेल्वे स्टेशनापासून हाकेच्या अंतरावर. पण रूळ ओलांडायची वेळ आली की दहा मिनिटांचा वळसा घालून फाटकावरून जायचे. दोन्हीकडं मैलभर मोकळा रूळ दिसत असला तरी. "दिसत नाय म्हंजी येत नाय असं थोडंच हाय?" हे त्यांचं म्हणणं.

लग्नात ते घोड्यावर बसले नव्हते. वरातीत घोडा पुढं रिकामा चालला आणि नवरदेव त्याच्यामागं, लाथ पोचणार नाही एवढं अंतर राखून, चालत आले. माझे सासरे हयात होते तोवर हा प्रसंग सांगताना हसून हसून त्यांना धाप लागायची. घरातला गॅस बंद आहे की नाही हे साडूभाऊ तीनदा बघायचे, रिक्षात बसल्यावर उतरून चौथ्यांदा. किल्लारीचा भूकंप झाला तेव्हापासून त्यांनी गळ्यातल्या काळ्या दोऱ्यात एक शिट्टी अडकवली होती. ढिगाऱ्याखाली सापडलो तर ओरडून दम घालवण्यापेक्षा शिट्टी वाजवलेली बरी, हा हिशोब. पाटबंधारे खात्यात ते आरेखक होते. नोकरीची सगळी वर्षं धरणांचे नकाशे काढले, अक्षर आणि रेघ अशी की साहेब लोक कौतुकानं दाखवत फिरायचे, पण एकाही धरणाच्या भिंतीवर ते कधी उभे राहिले नाहीत. मी एकदा कारण विचारलं. म्हणाले, "कागदावर भिंत लई जाड दिसती. पण ती मीच काढलेली हाय ना, म्हणून भरवसा नाय."

वेरूळला आम्ही दोन्ही घरं मिळून गेलो होतो तेव्हाची गोष्ट. बाकी लेण्यांच्या दारातून त्यांनी मान तरी आत घातली, कैलासापाशी मात्र बाहेरच एका दगडावर बसले. आमच्या वाटाड्यानं मोठ्या अभिमानानं सांगितलं होतं की हे लेणं डोंगराच्या माथ्यापासून खाली कोरत आणलेलं आहे. साडूभाऊंनी ते शांतपणे ऐकून घेतलं आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, "म्हंजी पाया सगळ्यात शेवटी झाला. आमच्या खात्यात असलं टेंडर पास झालं नसतं." आम्ही आतून फिरून येईपर्यंत त्यांच्या पायापाशी चार थोटकं झाली होती.

थोटकं म्हणजे अर्थात सिगारेटची. तीही ते अशा बेतानं ओढायचे की बघणाऱ्याला तो एखादा सुरक्षा विभागाचा कार्यक्रम वाटावा. काडी ओढताना हात लांब, तोंड दुसरीकडं, वारा कुठून येतोय त्याचा आधी अंदाज घेतलेला. शर्टाच्या खिशात औषधाची एक जुनी बाटली, निम्मी पाण्यानं भरलेली. ओढून झाली की थोटूक त्या बाटलीत. आगीला भिणारा माणूस आग छातीत घ्यायला कसा भीत नाही, हे मला तेव्हा सुचलं नाही, कारण मीही शेजारीच उभा राहून ओढत असायचो. जेवणं झाली की आम्ही दोघं त्यांच्या गच्चीवर जायचो. त्यांच्या पंचवीस, तर माझ्या दहा-बारा. मी शाळेत भूगोल शिकवायचो, त्यामुळं तास चालू असताना ओढता येत नसे. संयमाचा त्याच्याशी काही संबंध नव्हता. अक्का कधी बोलल्या तर साडूभाऊंचं उत्तर ठरलेलं असायचं, "हिला काय भ्यायचं? ही तर माझ्याच हातात हाय."

त्यांना पकडलं ते त्यांच्या मुलीनं. स्वाती डॉक्टर झाली आणि पुढं एक्स-रे, स्कॅन वाचण्याचंच शिक्षण घेऊन औरंगपुऱ्यातल्या एका तपासणी केंद्रात काम करू लागली. एका रविवारी आम्ही सगळे त्यांच्याकडं जेवायला होतो. गच्चीवर जाताना साडूभाऊ जिन्याच्या मधल्या वळणावर थांबले आणि कठड्याचे बोल्ट हलवून बघू लागले. हे आम्हाला नवीन नव्हतं. गेलं वर्षभर ते तिथं थांबायचे, एकेक बोल्ट तपासायचे आणि मग वर यायचे. स्वाती खालून वर येत होती. ती त्यांच्या मागं उभी राहिली आणि हळू आवाजात म्हणाली, "बाबा, तुम्ही बोल्ट बघत नाही. तुम्ही दम घेताय."

साडूभाऊंनी बोल्टवरचा हात काढला नाही. "सैल झालाय जरा," ते म्हणाले.

"कधीपासून?"

तिनं बोल्टबद्दल विचारलं नव्हतं, हे आम्हा तिघांनाही कळलं होतं. ते पुढचा बोल्ट हलवू लागले.

त्या दुपारी तिनं आम्हा दोघांना पुढ्यात बसवून सांगितलं. सिगारेटनं फुफ्फुसात जे होतं ते साध्या एक्स-रेत सुरुवातीला दिसत नाही, आणि दिसायला लागतं तेव्हा बरंचसं हातातून गेलेलं असतं. पन्नाशी ओलांडलेल्या, इतकी वर्षं ओढणाऱ्या माणसानं काही होत नसतानाच छातीचा स्कॅन करून घ्यावा. कमी किरणांचा असतो, दहा सेकंदांचं काम. साडूभाऊंनी तिला किरणांबद्दल विचारलं, यंत्राच्या वजनाबद्दल विचारलं, मधेच वीज गेली तर माणूस आत अडकतो का ते विचारलं. सगळी उत्तरं मिळाल्यावर म्हणाले, "ठीक हाय. पण आधी साडूभाऊ जातील. त्यांना काय झालं नाय तर मग मी." म्हणजे मी गेलो तो असा, पुलावरून आधी रिकामी बैलगाडी नेऊन बघतात तसा. मला खोकला नव्हता, धाप नव्हती. चार जिने मी एका दमात चढायचो. घरातून निघताना बायकोला म्हणालो की साडूभाऊंची सोबत म्हणून जातोय, दोन तासांत येतो.

केंद्रात त्यांनी आधी वॉचमनला जनरेटर दाखवायला लावला. मग त्यात डिझेल किती आहे ते विचारलं. अंगावरचं धातूचं काढून ठेवा म्हटल्यावर त्यांच्याकडून जे निघालं ते ठेवायला तिथल्या बाईंना ट्रे पुरेना: किल्ल्यांचा जुडगा, तांब्याचं कडं, दोन ताईत, सहा सेफ्टी पिना आणि ती शिट्टी. मी आत जाऊन आलो. यंत्रातून एका बाईचा आवाज हिंदीत श्वास घ्यायला, मग रोखायला सांगतो, टेबल सरकतं आणि आपण त्या गोल कड्यातून पुढं जाऊन परत येतो, बस्स. बाहेर आल्यावर साडूभाऊंनी माझे दोन्ही हात धरून मला आपादमस्तक न्याहाळलं आणि मग डोळे मिटून आत गेले.

स्वातीनं आम्हाला तिच्या खोलीत बोलावलं. आधी तिनं वडिलांची चित्रं लावली. काळ्या पडद्यावर फुफ्फुसं करडी दिसत होती आणि वरच्या बाजूला त्यांत जागोजाग काळी भोकं होती, कसर लागलेल्या घोंगडीसारखी. हवेच्या बारीक पिशव्या फुटून एकमेकींत मिसळल्या आहेत, तिनं सांगितलं; गेलेलं परत येणार नाही, पण आज सिगारेट सोडली तर ही भोकं पसरण्याचा वेग कमी होईल, आणि त्यानं पुष्कळ फरक पडतो. साडूभाऊ पडद्याकडं एखादा बिघडलेला नकाशा बघावा तसे बघत होते. मग खिशातलं पाकीट आणि ती पाण्याची बाटली काढून त्यांनी मुलीच्या टेबलावर ठेवली. एवढ्या वर्षांचा कारभार त्यांनी अर्ध्या मिनिटात मोडला. मला कौतुक वाटलं आणि खरं सांगायचं तर थोडी सुटकाही वाटली, की आता यांचं झालं, घरी जाऊ.

मग तिनं माझी चित्रं लावली. माउसचं चाक फिरवत ती वरून खाली येत होती, एकामागून एक काप सरकत होते. एका ठिकाणी तिचं बोट थांबलं. ती थोडी मागं गेली, परत पुढं आली, परत थांबली. उजव्या बाजूला वर एक पांढरा ठिपका होता, मसुराच्या दाण्याएवढा.

"काका," ती म्हणाली. पुढचं ती फार नीट बोलली. असे ठिपके पुष्कळांना असतात, बरेचसे जुन्या क्षयाचे नाहीतर कसल्यातरी संसर्गाचे वण असतात, त्यांचं कधी काही होत नाही. आत्ता लगेच काही करायचं नाही. तीन महिन्यांनी पुन्हा स्कॅन. होता तेवढाच राहिला तर लक्ष ठेवायचं, वाढला तर पुढचं बघू. मी मान डोलावत होतो आणि मला त्यातला 'वाढला तर' एवढेच शब्द ऐकू येत होते.

भीती म्हणजे काय हे मला त्या तीन महिन्यांत कळलं. तोवर मी साडूभाऊंच्या भीतीला हसत आलो होतो. ती एक गंमत होती, पाहुण्यांना सांगायची. आता वर्गात फळ्यावर नदीचा त्रिभुज प्रदेश काढताना खडूच्या धुळीनं ठसका लागला की माझा हात तिथंच थांबायचा. आंघोळ करताना छातीच्या उजव्या बाजूवर बोटं फिरायची, जणू तो दाणा हाताला लागणार होता. बायको काही विचारायची नाही. ती पोळ्या लाटताना मधेच थांबायची आणि मी बाहेरच्या खोलीत खाकरलो की लाटणं पुन्हा सुरू व्हायचं. स्कॅनचं पाकीट कपाटावर ठेवलेलं होतं. घरात शिरलं की नजर आधी तिथं जायची, एखादा न बोलावलेला पाहुणा अजून बसलाय का हे बघायला जावी तशी.

स्कॅननंतर तिसऱ्याच दिवशी सकाळी साडूभाऊ मुकुंदवाडीहून रिक्षा करून आले. रिक्षाच्या बरोब्बर मधोमध बसून, ड्रायव्हरला "घाई नाय" असं वाटेत पाच वेळा सांगून. माझ्यासमोर खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, "साडूभाऊ, तुमाला भिता येत नाय."

"मला?" मी विचारलं.

"व्हय. तुमी नवशिके हाव. नवशिका माणूस दिवसभर भितो आणि बेजार होतो. मी चाळीस वर्षं करतोय, मला इचारा. भिणं वाटून घ्यायचं असतं. सकाळी साडेसात ते आठ भ्यायचं, मन लावून. त्या टायमात दुसरं काय करायचं नाय. आठ वाजले की च्या प्यायचा आणि उठायचं. मधेच भीती आली तर तिला सांगायचं, उद्या सकाळी ये."

मला हसू आलं नाही, पण दुसरं काही सुचत नव्हतं म्हणून मी करून बघितलं. ते रोज यायचे. साडेसातला आम्ही दोघं समोरासमोर बसायचो आणि भ्यायचो. कधी मी बोलायचो, की मुलीचं लग्न अजून व्हायचंय, बायकोला बँकेचं काम येत नाही, ऑपरेशनच्या टेबलावरून परत आलोच नाही तर. ते कधीही "असं बोलू नका" म्हणाले नाहीत. इतर सगळे तेच म्हणायचे. साडूभाऊ मात्र लक्ष देऊन ऐकायचे, एखादा मुद्दा राहिला असला तर भर घालायचे. "आणि भूल दिलेली उतरली नाय तर, ते बी धरा." आठ वाजता बायको चहा आणायची आणि आम्ही उठायचो. विश्वास बसणार नाही, पण त्यानंतर मला दुपारपर्यंत शिकवता यायचं.

सिगारेट मीही सोडली होती, पण एका संध्याकाळी शाळेतून येताना पाय आपोआप कोपऱ्यावरच्या टपरीकडं वळले. टपरीवाल्या चाचांनी माझ्याकडं पाहिलं आणि पाकिटावरचा हात मागं घेतला. "वो दुबले साब आके बोल गए," ते म्हणाले. "तुमकू नक्को देना बोले. इस गली में कोई नै देगा, सबकू बोल के गए." मी पुढच्या टपरीवर गेलो. तिथंही तेच. आमच्या भागातल्या सगळ्या टपऱ्या साडूभाऊ पायी फिरले होते, त्या भोकं पडलेल्या फुफ्फुसांनी, आणि मला त्यातलं एक अक्षर बोलले नव्हते.

दुसऱ्या स्कॅनला आठवडा राहिला तेव्हा ते वेळापत्रक कोसळलं. त्या दुपारी मला घरात बसवेना. साडूभाऊ आलेले होते. मी म्हणालो, "मी स्कूटर घेऊन कुठंतरी जातो." एकट्याला जाऊ द्यायचं नाही असं त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं, आणि दुचाकीवर ते जन्मात बसलेले नव्हते. ते जिना उतरले, स्कूटरभोवती एक चक्कर मारली, चाकं दाबून पाहिली आणि माझ्या मागं बसले. दोन्ही हातांनी माझा शर्ट असा धरला की वरची गुंडी गळ्यात रुतली. दौलताबादच्या रस्त्यानं मी पडेगाव मागं टाकेपर्यंत थांबलो नाही. मागून सबंध वाटेत एकही शब्द आला नाही. स्कूटर लावून आम्ही रस्त्यापासून थोडं आत, एका लिंबाखाली बसलो. उतरणीवरून मेंढरांचा कळप चालला होता, मागं मेंढका काठी खांद्यावर आडवी टाकून. मी तिथं रडलो. छपन्न वर्षांचा माणूस, वर्गात पोरं ज्याला वचकून असायची, तो तोंडावर रुमाल धरून रडला.

साडूभाऊंनी माझ्या पाठीवर हात ठेवला. तो हात वरखाली होत होता. आधी वाटलं थोपटताहेत, मग लक्षात आलं की ते अजून धापा टाकताहेत. रस्त्यापासून त्या झाडापर्यंत चालून यायला पन्नास पावलंही नसतील. मी रुमाल काढून त्यांच्याकडं बघितलं. ओठ निळसर झाले होते. "तुमचं काय?" मी विचारलं. तीन महिन्यांत पहिल्यांदा विचारलं. ते म्हणाले, "माझं हळू हाय. आधी तुमचं बघू."

ठिपका वाढला होता. मसूर आता हरभऱ्याकडं झुकला होता. स्वातीनं ते सांगितलं तेव्हा तिचे डोळे भरले होते, पण आवाज तसाच नीट होता. पुढं आणखी तपासण्या झाल्या, छातीत सुई घालून तुकडा काढला आणि ज्या शब्दाला मी सकाळी साडेसात ते आठ भीत होतो तो शब्द कागदावर आला. लवकर सापडलाय, सर्जन म्हणाले, इतक्या लवकर आमच्याकडं क्वचित कुणी येतं. तरीही ऑपरेशनच्या सकाळी ढकलगाडीवरून नेताना मला छताचे दिवे तेवढे दिसत होते आणि ते मोजूनसुद्धा भीती कमी होत नव्हती. उजव्या फुफ्फुसाचा वरचा भाग काढला.

त्या दिवशीची हकीकत बायकोनं मला मागाहून सांगितली. ऑपरेशनची खोली चौथ्या मजल्यावर होती. साडूभाऊ लिफ्टपाशी आले, तिच्यात डोकावले आणि जिन्याकडं वळले. अक्का रागावल्या, हात जोडले, पण ऐकेनात. "लिफ्ट अडकली तर? साडूभाऊंना बाहेर आणतील आणि मी मधेच लोंबकळत असंन. ते चालायचं नाय." प्रत्येक मजल्यावर पायरीवर बसत, अर्धा तास घेऊन ते वर पोचले, आणि मला बाहेर आणेपर्यंत त्या दाराकडं तोंड करून बसून राहिले. चहासुद्धा घेतला नाही. शुद्धीवर आल्यावर मला पहिला दिसला तो त्यांचाच चेहरा. माझ्यापेक्षा आजारी दिसत होता.

मी बरा झालो. पुन्हा वर्गात उभा राहिलो, मुलीचं लग्न केलं, निवृत्त झालो. साडूभाऊंची भोकं पसरत राहिली, पण स्वाती म्हणाली होती तशी हळू, आणि सिगारेट सोडल्यानं त्यांना बरीच चांगली वर्षं मिळाली. तिसऱ्या नातवाच्या बारशाला ते होते, पाळण्याच्या दोऱ्या ओढून बघत. पण दर थंडीत छाती भरायची, आणि प्रत्येक थंडी त्यांच्यातलं थोडं घेऊन जायची. शेवटच्या थंडीत मी रोज मुकुंदवाडीला जात होतो. नाकाशी प्राणवायूची नळी, बोलणं दोन-दोन शब्दांचं. एका सकाळी मी त्यांना विचारलं, "भीती वाटते का?" "वाटती," म्हणाले. मग श्वास गोळा करून, "पण सवयीची हाय. तुमी नका काळजी करू." चार दिवसांनी ते गेले.

वर्षातून एकदा मला अजून स्कॅनसाठी बोलावतात. परवा गेलो होतो. काउंटरवर नवीन मुलगी होती, अर्ज भरून घेताना तिनं विचारलं, "सोबत कोण आलंय?" मी सांगितलं, कुणी नाही. तिनं तसं लिहून घेतलं. नंबर लागल्यावर तिनं हाक मारली तेव्हा मी बाकावरून लगेच उठलो नाही; शेजारची साडूभाऊंची जागा रिकामी होती. तिला वाटलं असावं की म्हातारा बिचकलाय. जवळ येऊन प्रेमानं म्हणाली, "काका, घाबरू नका. दहा सेकंदांचं काम आहे."

"घाबरलो नाही," मी म्हणालो. "जरा बसतो."